आरतीवर चालणारा बैल

दुबईच्या अल कुसैसमध्ये तेव्हा सगळं मिळायचं. फक्त गाय मिळत नव्हती.

म्हणजे साबुदाणा मिळायचा, भाजणी मिळायची, गणपतीत आमच्या बिल्डिंगखालचा केरळी ग्रोसरीवाला कुठूनतरी दूर्वासुद्धा पैदा करायचा. पण चार पायांची, शेपटी हलवणारी, जिवंत गाय? आणि तीही वासरासकट? इतक्या वर्षांत मला ती कधी लागलीच नव्हती. त्या वर्षी लागली, कारण दिवाळीसाठी साताऱ्याहून माझ्या सासूबाई आल्या.

आईंची (सासूबाईंना मी आई म्हणते) दुबईची ती पहिलीच खेप. बॅगेत कपडे कमी आणि बाजरीचं पीठ जास्त. एवढं पीठ कशाला, असं मी लगेच विचारलं. विचारणारच! लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या माणसाला मी लिफ्ट कशी चालते ते विचारते, दातांच्या डॉक्टरला तोंड उघडं असताना ते यंत्र कुठल्या देशातलं ते विचारते. माझा नवरा विलास मला ‘चौकशीची खिडकी’ म्हणतो.

“वसुबारसेला लागतं गं,” आई म्हणाल्या. “त्या दिवशी मी गहू खात नाही, गाईचं दूध-तूप खात नाही. संध्याकाळी गाय-वासराची पूजा करायची, गाईला घास द्यायचा आणि मग बाजरीची भाकरी, गवारीची भाजी खाऊन उपास सोडायचा. लग्न झाल्यापासून एक वसुबारस चुकली नाही माझी. या विलासच्या वेळी नववा लागला होता, तरी गोठ्यात जाऊन आले होते.”

विलासनं पेपर खाली केला. “आई, आपल्याकडं चांदीचं गाय-वासरू आहे की. त्याची कर पूजा.”

“चांदीची गाय घास खाते का रे?”

“मग यंदा गाईशिवाय सोड उपास. परदेशात चालतं.”

“कुणाला चालतं?” आईंनी इतक्या शांतपणे विचारलं की विलास पेपरमागं गेला. “गाय नाही, तर जेवण नाही. राहीन उपाशी. मला काही होत नाही.”

आता आईंना ब्लडप्रेशर. गोळी रिकाम्या पोटी घ्यायची नाही. म्हणजे गाय नाही तर जेवण नाही, जेवण नाही तर गोळी नाही, आणि गोळी नाही तर... विलासचा चेहरा पडला. आणि नेमक्या त्या क्षणी माझं तोंड उघडलं.

“आई, गायच ना? वासरासकटच ना? मग काळजीच सोडा! मला माहितीय कुठं आहे!”

मला खरंच माहीत होतं. आमच्या मुलीच्या, केतकीच्या, शाळेच्या ट्रिपबरोबर मी मदतीला गेले होते. शारजा मागं टाकून डोंगरांकडं तास-दीड तास गेलं की एक जुन्या पद्धतीचं शेत राखलेलं होतं. पूर्वी इथली माणसं कशी राहायची, काय पिकवायची, ते पोराबाळांना दाखवायला. खजुरीची बाग, मातीचं घर, चुलीवर कागदासारख्या पातळ रोट्या करणाऱ्या एक अरबी आजीबाई, बैलानं पाणी ओढायची विहीर. आणि तिथंच मी माझ्या डोळ्यांनी पाहिली होती एक तांबूस गाय आणि तिला ढुशा देणारं इवलंसं वासरू.

“नक्की?” विलासनं विचारलं.

“अहो, आत्ता तर पाहिलंय!” (आई घरात असल्या की मी त्याला ‘अहो’ म्हणते. त्यांना विमानतळावर सोडून आले की पार्किंगमध्येच पुन्हा ‘अरे’ सुरू.)

“मम्मा, दॅट ट्रिप वॉज इन केजी टू,” केतकी म्हणाली. “आय ॲम इन थर्ड नाऊ.”

मोठ्यांच्या बोलण्यात मधे बोलू नये, असं मी तिला सांगितलं.

वसुबारस नेमकी शुक्रवारी आली, म्हणजे सुट्टीच्या दिवशी! मी तर हा दैवी संकेतच मानला. ऑक्टोबरचा उकाडा सरला होता, बिल्डिंगमधले सगळे एसी बंद करून खिडक्या उघडून बसले होते, आणि निम्मं दुबई चटया-डबे घेऊन कुठंकुठं निघालं होतं. आई सकाळपासून कोऱ्या चहावर. (कोरा अशासाठी, की दुधाच्या डब्यावर गाईचं चित्र होतं.) मी भाकऱ्या केल्या, गवारीची भाजी केली. पूजेचं ताट, निरांजन, झेंडूची फुलं, पुरणाऐवजी गाईला द्यायला गूळ-भाकरी, असा सगळा सरंजाम घेऊन आम्ही निघालो. शेत दुपारच्या नमाजानंतर उघडायचं आणि सूर्यास्ताला बंद व्हायचं. आमची पूजा त्या तेवढ्या वेळात बसवायची होती.

गेटातून आत गेलो आणि आई एकदम थांबल्या. खजुरीची झाडं, खाली ओली माती, कुठंतरी कोंबडा. “अगं बाई, हे तर आमच्या गावाकडच्यासारखं आहे!” म्हणाल्या. मग विहीर दिसली. दोन उंच खांब, वर चाक, चाकावरून चामड्याचा पोहरा, आणि विहिरीपासून खाली जाणारा उतार. आई जवळजवळ धावल्याच. “मोट! विलास, मोट बघ! माझ्या बाबांची होती अशीच!”

मी छाती पुढं काढून चालत होते. गाय सापडली. तीच तांबूस गाय, झावळ्यांच्या कुंपणापलीकडं, रवंथ करत. मी विजयी मुद्रेनं बोट दाखवलं. “ही बघा गाय! आणि वासरू...”

वासरू दिसेना.

तिथं राखण करणारे एक बलुची आजोबा होते. करीमचाचा. पांढरी दाढी, हातात काठी. मी विचारलं, “चाचा, इस गाय का बच्चा था ना? छोटा, ऐसा?” आणि हातानं गुडघ्याएवढी उंची दाखवली.

चाचांनी काठीनं शेजारी दाखवलं.

कुंपणाला लागून, मोटेच्या उताराच्या वरच्या टोकाला, मोटेचा दोर गळ्यात अडकवून एक बैल उभा होता. वशिंडासकट. शिंगांसकट. तो नुसता फुरफुरला तरी धूळ उडत होती.

“मम्मा,” केतकी म्हणाली, “दॅट्स नॉट अ काफ. दॅट्स लाइक, अ पिकअप ट्रक.”

विलास माझ्याकडं बघायला लागला. नवरे असं बघतात तेव्हा काही बोलत नाहीत, पण सगळं ऐकू येतं. मी आईंकडं बघितलं. त्यांचा चेहरा उतरला होता. सकाळपासून उपाशी बाई, दीड तास गाडीत हादरे खात आलेली. माझा जीव खरंच कासावीस झाला.

आई बैलाकडं बघत राहिल्या. मग गाईकडं. मग विलासकडं. विलास तेव्हा ढेरी सावरत चपलेतला खडा काढत होता.

“आईला मूल कधी मोठं होतं का?” त्या म्हणाल्या. “वासरूच आहे ते. काढा ताट.”

हुश्श! मी ताट काढलं. तेवढ्यात करीमचाचा पुढं आले. ताट, फुलं, हळदकुंकू बघून त्यांना शंका आली. “ये क्या है, भाई?”

विलासला हिंदी येते, पण ऐन वेळी येत नाही. तो म्हणाला, “चाचा, आज हमारा गाय का ईद है.”

चाचा उडालेच! गाय आणि आमच्यामध्ये काठी आडवी धरून उभे. “नहीं, नहीं! ये सरकारी गाय है! इसको काटने का नहीं!”

“शिव शिव शिव!” आईंनी दोन्ही कानांवर हात ठेवले. मग मी मधे पडले, म्हटलं, चाचा, काटना नहीं, पूजा, इज्जत, दुआ देने का, खाना खिलाने का. चाचांनी एकदा आईंच्या पांढऱ्या केसांकडं बघितलं आणि काठी खाली घेतली. “अम्मा करेगी? तो ठीक है. करो.”

आता इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण बैल इतका आज्ञाधारक उभा होता, की मला राहवेना. “चाचा, इसको कैसे समझता है, कब चलना, कब रुकना?”

“गाने से,” चाचा म्हणाले. “मैं गाता हूँ तो नीचे जाता है, पानी ऊपर आता है. गाना रुका, तो वापस आता है.”

“अय्या! किती छान!” मी म्हटलं. (ऐकलं. समजलं. कौतुक केलं. आणि तिथंच सोडून दिलं.) तेवढ्यात गेटाशी टुरिस्टांची मोठी बस आली आणि चाचा तिकडं गेले. जाताना “रस्सी को हाथ नहीं लगाना” म्हणाले. आम्ही रस्सीला हात लावलाही नाही, हे मी आजही शपथेवर सांगते.

आई गाईला कुंकू लावत होत्या, तोवर मी जेवायची तयारी करायला जागा शोधली. खजुरीच्या सावलीत एक सुरेख जागा होती. जमिनीत हातभर खोल, लांबच लांब, गुळगुळीत, कोरडी ठणठणीत, दोन्ही बाजूंना टेकायला काठ. मला वाटलं, काय विचार केलाय हो या लोकांनी! पाहुण्यांना पंगत बसवायला खास सोय! मी सतरंजी अंथरली, डबा ठेवला, थर्मास ठेवला, सगळ्यांच्या चपला नीट ओळीनं लावल्या, माझी पर्स ठेवली. मी गिरगावात वाढलेली. पाणी नळातून येतं, एवढीच माझी पाण्याबद्दलची माहिती. त्या सोयीला मराठीत ‘पाट’ म्हणतात आणि त्यातून मोटेचं पाणी झाडांना जातं, हे मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. आणि आयुष्यात एवढी एकच गोष्ट मी विचारली नाही!

पूजा झाली. गाईनं गूळ-भाकरी खाल्ली, बैलानं माझ्या हातातलं फूल खाल्लं. आईंनी बैलाच्या कपाळाला कुंकू लावलं, निरांजन पेटवलं. “आरती म्हणा रे सगळे. मोठ्यानं.”

आईंच्या माहेरची एक गाईची आरती आहे. ती त्यांच्याखेरीज कुणाला पाठ नाही आणि ती संपलेली कुणी लवकर पाहिलेली नाही. आईंनी पहिला सूर लावला, आम्ही टाळ्या धरल्या.

बैलानं कान टवकारले. आणि तो निघाला.

सरळ उतारावरून, डुलत डुलत, खाली! दोर ताणला, चाक करकरलं. आई क्षणभर थबकल्या. पण आरती अर्धी सोडायची नाही, हा त्यांच्या घराण्याचा नियम. त्या ताट घेऊन, गात गात, बैलाच्या बरोबरीनं उतरायला लागल्या. त्यांच्या मागं मी टाळ्या वाजवत. माझ्यामागं विलास.

“अगं, हा कुठं निघाला?” विलास पुटपुटला.

“गा हो तुम्ही!”

कडवं संपलं. आईंनी श्वास घेतला. बैल थांबला, वळला आणि वर निघाला. आई वळल्या. आम्ही वळलो. वरती पोचतो न पोचतो तोच दुसरं कडवं सुरू. बैल पुन्हा खाली!

“मम्मा,” केतकी म्हणाली, “वॉटर इज कमिंग.”

“आरतीत मधे बोलू नये!”

तिसरं कडवं. खाली. वर. माझ्या पायात गोळे आले. आई मात्र बैलाशी पावलाला पाऊल जुळवून, जणू रोज हेच करतात अशा.

“मम्मा, द टिफिन इज फ्लोटिंग.”

मी मागं बघितलं. आमची पंगतीची जागा ओसंडून वाहत होती! सतरंजीनं मधे फुगा धरला होता. डबा पुढं चालला होता, त्याच्यामागं थर्मास, त्यामागं माझी पर्स आणि शेवटी आमच्या चपला, मी लावल्या होत्या तशाच ओळीनं. विलासनं टाळ्या सोडून पाटात उडी मारली. (पोहता येत नाही त्याला, पाणी पोटरीएवढं होतं म्हणून वाचला.)

आणि त्याच वेळी बसमधले टुरिस्ट येऊन पोचले. गोरेगोमटे, टोप्या घातलेले, सगळ्यांच्या गळ्यात कॅमेरे. पुढं त्यांचा गाइड. त्यानं बघितलं: एक म्हाताऱ्या बाई नऊवारी साडीत, हातात दिवा, बैलाबरोबर गात चालल्यात, आणि एक माणूस पॅन्ट वर करून पाण्यातून चपला वेचतोय. बिचारा नवा असावा. त्यानं अर्धा सेकंद विचार केला आणि हात पसरून म्हणाला, “लेडीज अँड जेंटलमेन, द ट्रॅडिशनल साँग ऑफ द वेल!”

टाळ्या! कॅमेऱ्यांचा खडखडाट! एक लालबुंद काकू तर आमच्या रांगेतच शिरल्या आणि माझ्यामागं टाळ्या वाजवत उतारावरून खालीवर करायला लागल्या. पाहता पाहता आणखी चार जण लागले. बैलालाही आयुष्यात एवढा मान कधी मिळाला नसावा. तो आता मान उंच करून चालत होता.

“वॉट डज ही डू?” लालबुंद काकूंनी पाण्यातल्या विलासकडं बोट दाखवून मला विचारलं.

आता आरतीत बोलायचं कसं? मी नुसते हात जोडले. तर काकूंनी विलासलाही नमस्कार केला.

मग ओरडत आले करीमचाचा. “गाना बंद करो! अम्मा, गाना बंद करो! बाग में पानी भर गया!” आईंनी डोळ्यांनीच त्यांना ‘थांबा, झालंच’ केलं आणि पुढचं कडवं घेतलं. चाचांनी कपाळावर हात मारला. तोवर पाणी पाट सोडून बागेत, बागेतून बकऱ्यांच्या कुंपणात शिरलं होतं. तिथं आमचा डबा काठाला लागला, झाकण उघडलं, आणि बकऱ्यांनी भाकरी, भाजी आणि वर झाकणाची रबरी रिंगसुद्धा आनंदानं खाल्ली.

आरती संपली. बैल थांबला. टुरिस्टांनी टाळ्यांचा कडकडाट केला. आईंनी सगळ्यांना आरती दिली. गाइडनंसुद्धा घेतली.

“आई,” मी धापा टाकत विचारलं, “तुम्हाला कळलं नाही, तो गाण्यानं चालतोय ते?”

“पहिल्याच कडव्याला कळलं की! मोटेवरचे बैल गाण्यावरच चालतात. पण म्हणून आरती सोडायची का?” आणि मग पाटाकडं बघून, “पण पाटात पंगत कुणी मांडली?”

मी खजुरीच्या झाडाकडं बघत राहिले.

सूर्य डोंगराला टेकला होता. पूजा झाली, आता उपास सोडायचा, पण कशावर? भाकरी बकऱ्यांच्या पोटात. चुलीवरच्या आजीबाईंनी गरम रोटी पाठवली, ती गव्हाची. चाचांनी ताकाचा पेला आणला, तो गाईच्या दुधाचा. आईंनी दोन्हीला नमस्कार करून नाही म्हटलं. विलास सारखा घड्याळाकडं बघत होता. मला खूप वाईट वाटत होतं. पाहुणी म्हणून आलेल्या म्हाताऱ्या बाईची एक साधी गोष्ट, तीही मी धड करू शकले नव्हते.

मग चाचा आत गेले आणि ओंजळभर खजूर घेऊन आले. “अम्मा, ये तो चलेगा? इसी बाग का है.”

आईंचा चेहरा उजळला. “खजूर! उपासाला खजुरासारखं काय आहे!” त्या काठावर बसल्या, एक खजूर घेतला, बी काढली, डोळे मिटून नमस्कार केला आणि खजूर तोंडाकडं नेला.

सगळं सुरळीत झालं होतं. सगळं! आणि मला काय बुद्धी झाली देव जाणे. नुसतं आपलं, गप्पा म्हणून मी विचारलं, “चाचा, ये बैल कितने साल का है? इसी गाय का बच्चा है ना?”

“नहीं, बहन,” चाचा म्हणाले. “इसका बच्चा तो बिक गया. ये फुजैरा से आया है.”

आईंचा हात तोंडापाशी थांबला.

विलासनं डोळे मिटून घेतले. “ओह नो, मम्मा,” केतकी हळूच म्हणाली. मला तर वाटलं त्या विहिरीतच उडी घ्यावी, बैल गाण्याशिवाय मला वर काढणार नाही तेच बरं. सूर्य गेला होता. गेटावरचा माणूस “यल्ला, यल्ला, खलास!” (म्हणजे चला, चला, संपलं!) ओरडत होता. आता दुसरं वासरू आणायचं कुठून? लग्न झाल्यापासून न चुकलेली वसुबारस, आणि ती मी एका प्रश्नात मोडून ठेवली!

आई कुंपणाकडं बघत होत्या. आम्हीही बघितलं. गाईनं झावळ्यांवरून मान लांब काढली होती आणि ती त्या धटिंगण बैलाच्या कपाळावरचं कुंकू हळूहळू चाटत होती. आणि तो बैल मान खाली घालून, डोळे मिटून, लहान पोरासारखा उभा होता.

“चाटतेय ना त्याला?” आई म्हणाल्या. “मग झालं. पोटचंच पाहिजे असं कुणी सांगितलं? ही आमची माधुरी कुठं माझ्या पोटची आहे? परक्याची पोर. दिवसभर प्रश्न विचारून डोकं खाते, आज माझा डबासुद्धा बुडवला. पण माझी लेकच आहे की ती!”

आणि हातातला खजूर मोडून त्यांनी अर्धा आधी माझ्या तोंडात घातला.

मला तिथंच, त्या ओल्या पाटाच्या काठावर, सगळ्या टुरिस्टांसमोर हुंदका फुटला. लालबुंद काकूंनी त्याचाही फोटो काढला.

परतताना गाडीत ओल्या चपलांचा वास सुटला होता, आई मागच्या सीटवर गोळी घेऊन शांत झोपल्या होत्या, आणि मी विचार करत होते. लग्नाला दहा वर्षं झाली, मी पुरणपोळ्या केल्या, आजारपणं काढली, ‘अहो’ म्हटलं. पण सासूबाईंनी मला चारचौघांत लेक म्हटलं ते पहिल्यांदा त्या दिवशी, आणि तेही फुजैराच्या एका बैलाच्या वशिल्यानं!